जेनोआ टाळून जाणारी गाडी

वसुधा माईणकरनं सत्तावीस वर्षं लोकांना इटलीच्या समुद्रावर पाठवलं आणि ती स्वतः तिकडे एकदाही गेली नाही. ही गोष्ट तिनं कुणापासून लपवून ठेवली होती असं नाही, पण कुणी तिला विचारलंही नव्हतं. जर्मनीतल्या कार्ल्सरूहे शहरात, एका बाजूच्या रस्त्यावर, चांभार आणि चष्म्याचं दुकान यांच्यामध्ये, हेर ओबर्ले यांचं छोटंसं रायझेब्यूरो होतं. सहली आखून देणारं, तिकिटं काढून देणारं ऑफिस. तिथल्या खिडकीजवळच्या टेबलाशी साडी नेसलेली, कपाळावर बारीक टिकली लावलेली बाई बसायची. ती एखाद्याला म्हणायची, "जेनोआ सुटलं की उजवीकडे बसा, समुद्र उजवीकडे आहे. आणि पहिला बोगदा आला की डोळे मिटू नका, तो लगेच संपतो." समोरचा माणूस धरून चालायचा की बाई तिथं दरवर्षी जात असणार.

ती मूळची मिरजेची. वडील मिरज जंक्शनवर चौकशीच्या खिडकीत बसायचे. तिच्या लहानपणी स्टेशनात दोन रुंदीचे रूळ होते, कुर्डुवाडीकडे जाणारे अरुंद आणि पुण्या-बेळगावकडचे त्याहून रुंद. तिचं कॉलेज संपता संपता मोठ्या गाडीचे रूळ आले. मुदत संपलेली वेळापत्रकं वडील घरी आणायचे आणि वसुधा ती गोष्टीच्या पुस्तकासारखी वाचायची. कुठली गाडी कुठं थांबते, कुणासाठी थांबते, कुठं उतरलं तर पुढची गाडी पाच मिनिटांनी चुकते, हे तिला तोंडपाठ होतं. वडील म्हणायचे, "गाडी चुकलेल्या माणसाला आधी पाणी विचारावं, मग पुढची गाडी सांगावी. नाहीतर ऐकू येत नाही त्याला."

आत्माराम माईणकर त्र्याहत्तरच्या डिसेंबरात चार आठवड्यांची रजा घेऊन लग्नाला म्हणून आले. इस्लामपूरचा मुलगा, जर्मनीत इंजिनियर, पंप बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी. बघण्याच्या कार्यक्रमात 'काही विचारायचंय का' असं म्हटल्यावर मुली खाली बघतात. वसुधानं विचारलं, "तिकडे पोचायला किती ठिकाणी गाडी बदलावी लागते?" मंडळी हसली. आत्मारामही हसले. "आता विमान आहे," ते म्हणाले. "मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बोटीनं गेलो होतो." बोटीबद्दल ते आणखी काही बोलतील म्हणून ती थांबली, पण ते पोह्यांकडे वळले.

जर्मनीतली पहिली वर्षं कुणाचीही जातात तशीच गेली. संध्याकाळचे जर्मनचे वर्ग, दोन जिने चढून कोळसा, शेजारणीचा फोडणीच्या वासावरून टोमणा. शहात्तरला शुभा झाली. ती बालवाडीत जायला लागल्यावर वसुधानं हेर ओबर्ल्यांच्या दारावरची पाटी वाचली, 'अर्ध्या दिवसासाठी मदतनीस हवी', आणि आत गेली. हेर ओबर्ल्यांनी तिचं जर्मन ऐकलं आणि साशंक झाले. मग गंमत म्हणून त्यांनी रेल्वेचं जाडजूड वेळापत्रक तिच्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "मंगळवारी सकाळी निघून संध्याकाळी फ्लोरेन्स." वसुधानं तीन मिनिटांत दोन रस्ते काढले आणि वर सांगितलं, "दुसऱ्यात मिलानला फलाट लांब पडेल, म्हातारं माणूस असेल तर पहिला बरा." मिलानचे फलाट तिनं पाहिले नव्हते. वेळापत्रकातला नकाशा पाहिला होता. हेर ओबर्ले उठले आणि त्यांनी तिच्यासाठी कॉफी ओतली.

तिचं नाव त्यांना कधी उच्चारता आलं नाही. माईणकरचं 'माइनकार' झालं. 'माझी गाडी' असा त्याचा अर्धा जर्मन, अर्धा इंग्रजी अर्थ होतो, हे ते प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगत आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदा सांगितल्यासारखे हसत.

कामात तिची एक मोठी चूक झाली. चौऱ्याऐंशी साली फ्राउ श्टोल नावाच्या बाई आल्या. पोस्टातून निवृत्त झालेल्या, उंच, हातात कायम छत्री. त्यांना नवऱ्याबरोबर इटलीतल्या लिगुरियाच्या किनाऱ्यावर जायचं होतं, तिथल्या कड्यांवर चिकटलेल्या पाच गावांपैकी एकात. कॅटलॉगमध्ये कोर्निलियाचा फोटो सगळ्यात देखणा होता. खाली निळं पाणी, वर पिवळी-गुलाबी घरं, उतारावर द्राक्षांचे मळे. वसुधानं तिथली खोली ठरवून दिली. दहा दिवसांनी फ्राउ श्टोल परत आल्या, समोरच्या खुर्चीत बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "फ्राउ माइनकार, स्टेशन खाली आहे आणि गाव वर. मधे तीनशे ऐंशी पायऱ्या. माझ्या नवऱ्याचा एक पाय युद्धात अधू झालेला आहे. पहिल्या दिवशी तो कसाबसा वर चढला. मग सात दिवस खाली उतरला नाही. समुद्र त्यानं खिडकीतून पाहिला."

कॅटलॉगमध्ये लिहिलं नव्हतं, असं म्हणता आलं असतं. ती म्हणाली, "मी विचारायला हवं होतं. त्यांचा पाय कसा आहे हे मी विचारलंच नाही."

फ्राउ श्टोल तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "गेनाऊ. अगदी बरोबर." आणि पुढच्या वर्षीची सहलही त्यांनी तिच्याकडूनच आखून घेतली.

त्या दिवसापासून वसुधानं दोन गोष्टी सुरू केल्या. जाणाऱ्याला ती आधी प्रश्न विचारायची. गुडघे कसे आहेत, उन्हाचा त्रास होतो का, दुपारी झोपायची सवय आहे का, आणि सगळ्यात शेवटी, 'काय नको ते सांगा.' या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरामागचं कारण ती कधी विचारत नसे. कुणाला बाल्कनी नको असायची, कुणाला एक विशिष्ट गाव नको असायचं. नको म्हणजे नको. आणि परत आलेल्याला ती कॉफी देऊन बसवून घ्यायची आणि विचारायची. पायऱ्या किती? सावली कुठं? संध्याकाळी कुठल्या बाकावर बसलात? लोक खूश होऊन सांगायचे. घरी आल्यावर सहलीबद्दल ऐकून घेणारं माणूस फारसं कुणाला मिळत नाही. ते सगळं ती गावागावाच्या कार्डांवर लिहून खणात ठेवायची. ऑफिसजवळच्या कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यानं सांगितलं की त्या पाच गावांपैकी वेर्नाझ्झाच्या धक्क्यावर सकाळी नऊपर्यंतच शांतता असते. दोघी शिक्षिका बहिणींनी सांगितलं की लेव्हांतो हे गाव सपाट आहे आणि तिथल्या किनाऱ्यामागच्या बागेत चिंचेसारखी बारीक पानं असलेलं एक झाड आहे. फ्राउ श्टोल तर वर्षाला दोन कार्डं भरतील एवढं आणायच्या. नवरा गेल्यावरही त्या एकट्या जात राहिल्या आणि परत आल्यावर घरी जायच्या आधी ऑफिसात येऊन बसायच्या. बॅग पायाशी, छत्री मांडीवर.

वसुधा आत्मारामांना म्हणायची, "अहो, एकदा आपणही जाऊ या."

"पुढच्या वर्षी," ते म्हणायचे.

कारणं खरीच होती. रजा वर्षातून एकदा मिळायची आणि ती भारतात जायची. इस्लामपूरला त्यांची आई आणि वडील, अण्णा, मिरजेला तिचे वडील, मग त्यांची आजारपणं, मग दिवसकार्यं. भारतीय पासपोर्टवर इटलीचा व्हिसा काढा, वाटेत स्वित्झर्लंड, त्याचा वेगळा. पुढे जर्मन पासपोर्ट आले, म्हातारी माणसं एकेक करून गेली, कारणं संपली. तरी आत्माराम 'पुढच्या वर्षी'च म्हणत राहिले. वसुधानं मनाशी समजूत करून घेतली की ह्यांना फिरण्याची आवडच नाही. कधीकधी रात्रीची भांडी विसळताना तिला वाटायचं, आवड नाही ती फिरण्याची की माझ्याबरोबर फिरण्याची? पण असले प्रश्न पाण्याबरोबर वाहून जातात.

फ्राउ श्टोल दोन हजार तीन साली वारल्या. त्याच सुमारास गिऱ्हाइकं कमी व्हायला लागली. विमान कंपन्यांनी ऑफिसांना कमिशन देणं बंद केलं, लोक घरबसल्या कॉम्प्युटरवर तिकिटं काढू लागले. काही जण यायचे, तासभर बसून तिच्याकडून सगळं विचारून घ्यायचे आणि 'विचार करून सांगतो' म्हणून घरी जाऊन इंटरनेटवर बुक करायचे. तिला राग येत नसे. चौकशीच्या खिडकीवर तिकिटं विकत नाहीत, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. पण हेर ओबर्ले चौऱ्याहत्तर वर्षांचे झाले होते. दोन हजार सातच्या जानेवारीत त्यांनी तिला सांगितलं, "मार्चअखेर बंद करू या, फ्राउ माइनकार. दोघंही अजून चालते-फिरते आहोत तोवर."

मार्चमधल्या एका रविवारी शुभा हायडेलबर्गहून जेवायला आली. ती तिथं एका प्रयोगशाळेत काम करते. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. वरणभात झाल्यावर तिनं पिशवीतून छापलेले कागद काढून टेबलावर ठेवले. आईच्या निवृत्तीची भेट. दोघांना आठ दिवस लिगुरिया, विमानानं जेनोआ, तिथून भाड्याची गाडी, समुद्र दिसेल अशी खोली. बुक करायचं तेवढं बाकी होतं.

"दस इस्ट दोख गान्झ आइनफाख, मामा," ती म्हणाली. किती सोपं आहे बघ. "दहा मिनिटांत झालं."

वसुधानं कागद हातात घेतले. दहा मिनिटं. पण मुलीनं प्रेमानं आणलेलं होतं, म्हणून ती हसली आणि म्हणाली, "छान आहे गं."

"जेनोआला नको," आत्माराम म्हणाले.

दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं. ते आवाज चढवून बोलणाऱ्यांतले नव्हते. आताही चढवला नव्हता. पण ताट तसंच ठेवून ते उठले आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

"वास हात एर देन?" शुभानं हळूच विचारलं. बाबांना काय झालं?

"माहीत नाही," वसुधा म्हणाली, आणि ते खरं होतं. तेहतीस वर्षांत 'जेनोआ नको' हे शब्द तिनं पहिल्यांदा ऐकले होते. तिच्या टेबलावरून जेनोआला शेकडो माणसं गेली होती, गाडी बदलायला. रोज संध्याकाळी घरी येऊन ती ह्यांना त्याबद्दल सांगत होती. हे मान हलवत ऐकत होते.

पुढचे तीन दिवस घरात तो विषय निघाला नाही. वसुधानं दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. घरात काही गोष्टी विचारता येत नाहीत, कारण विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला आपापल्या जागा ठरलेल्या असतात. गुरुवारी सकाळी डबा भरताना तिला एकदम सुचलं. ती म्हणाली, "अहो, आज चारला ऑफिसात याल का? भिंतीवरचे फोटो उतरवायचेत. हेर ओबर्ल्यांना शिडीवर चढवत नाही."

आत्माराम चारला आले. फोटो उतरवले. ग्रीस, स्पेन, एक बर्फाळ डोंगर. उतरवलेल्या जागी भिंतीवर पांढरे चौकोन राहिले. हेर ओबर्ले 'पोस्टात जाऊन येतो' म्हणून निघून गेले. वसुधानं कॉफी केली आणि टेबलाच्या अलीकडची, गिऱ्हाइकाची खुर्ची पुढे ओढली.

"बसा."

"इथं?"

"तिथंच. मी तुम्हाला कधी गिऱ्हाईक म्हणून बघितलं नाही. दोन दिवस उरलेत. बसा."

आत्माराम बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. वसुधा पलीकडे आपल्या खुर्चीत बसली, कोरं कार्ड घेतलं, पेन उघडलं.

"कधी जायचंय?"

"तूच सांग."

"मी सांगत नसते. मी विचारत असते."

"मे महिन्यात," ते म्हणाले. थोडे खुलले. "तू सगळ्यांना मे सांगतेस. ऊन फार नसतं."

"गुडघे?"

"तुला माहीत आहेत की."

"गिऱ्हाइकाचे गुडघे मला कसे माहीत असणार?"

"डावा बरा आहे. उजवा उतरताना दुखतो. चढताना नाही." ही गोष्ट खरोखरच तिला माहीत नव्हती. तिनं लिहून घेतली.

"दुपारी झोपता?"

"निवृत्त झाल्यापासून झोपतो. तू ऑफिसात असतेस."

"खायला काय लागतं?"

"भात मिळाला तर बरं. नाही मिळाला तरी चालेल."

ती लिहीत गेली. मग नेहमीच्या आवाजात, वर न बघता तिनं शेवटचा प्रश्न विचारला. "काय नको?"

बाहेरून ट्राम गेली.

"जेनोआ," आत्माराम म्हणाले.

"बरं," वसुधा म्हणाली आणि तिनं लिहिलं, 'जेनोआ नको'. का, ते विचारलं नाही. ती उठली, कपाटातून वेळापत्रक काढलं, चष्मा बदलला आणि बोट ठेवून वाचायला लागली. कार्ल्सरूहे ते बाझल. बाझलवरून गॉटहार्डच्या घाटातून मिलान. मिलानवरून सगळं जग जेनोआला जातं. पण एक दुसरी वाट होती. मिलानहून पार्मा, पार्म्याहून डोंगरातून खाली उतरणारी एक सुस्त गाडी ला स्पेझियाला जाते, आणि ला स्पेझिया म्हणजे पाचही गावांचं दुसऱ्या बाजूचं दार. सत्तावीस वर्षांत ती वाट तिनं दोघांनाच दिली असेल, कारण त्यात दीड-दोन तास जास्त जातात. तिचं बोट रकान्यातून खाली सरकत होतं. पार्म्याला पन्नास मिनिटं मिळत होती. ह्यांना चहा पिता येईल. लेव्हांतोला पोचेपर्यंत संध्याकाळ होईल, पण लेव्हांतो सपाट आहे.

"काय करतेयस?" आत्मारामांनी विचारलं.

"रस्ता शोधतेय. जेनोआ टाळून जाणारी गाडी आहे. थोडी लांबून आहे, पण आहे."

ते तिच्या बोटाकडे बघत राहिले. आणि मग, कुणी न विचारता, सांगायला लागले.

"सहासष्टच्या सप्टेंबरात मी जेनोआला उतरलो," ते म्हणाले. "इस्लामपूरच्या स्टँडवर मला हार घातले होते. गावातून जर्मनीला जाणारा मी पहिला. हेडमास्तरांनी भाषण केलं. अण्णांनी उधार-उसनवार करून तिकीट काढलं होतं. मुंबईहून बारा-तेरा दिवस बोट. बोटीवर ठीक होतं, सगळे आपलेच होते. जेनोआला सकाळी उतरलो. पाऊस नव्हता, ऊन होतं, सगळं सुंदर दिसत होतं. डोंगरावर रंगीत घरं. आणि मला एकदम कळलं की मला हे नकोय. भीती नाही म्हणत मी. नकोच होतं. मी ट्रंक ओढत बोट कंपनीच्या खिडकीपाशी गेलो, परतीची बोट कधी आहे विचारायला."

वसुधानं पेन खाली ठेवलं.

"माझ्यापुढे चार माणसं होती. माझा नंबर आला आणि त्या माणसानं खिडकी खाली ओढली. जेवणाची वेळ. तीन वाजता उघडणार. मी ट्रंकेवर बसून राहिलो, तीनची वाट बघत. भाड्याचं काय करणार होतो, देव जाणे. अण्णांना काय तोंड दाखवणार होतो, तेही ठाऊक नव्हतं. फक्त खिडकी उघडायची वाट बघत होतो. अडीच वाजता विष्णू आला. विष्णू कामत, बोटीवर माझ्या वरच्या बर्थवर होता, तोही इकडेच यायचा होता. म्हणाला, अरे इथं काय बसलायस, तीनची गाडी आहे, चल. त्यानं ट्रंकेचं एक टोक उचलून धरलं. मग मला दुसरं उचलावं लागलं."

"त्यांना सांगितलंत?"

"नाही. कुणालाच नाही. अण्णा जाईपर्यंत सगळ्यांना सांगायचे, आमचा आत्माराम वाघासारखा गेला." त्यांनी टोपीची कड बोटांनी सरळ केली. "खिडकी अर्धा तास आधी उघडली असती ना वसुधा, तर मी परत गेलो असतो. तू भेटलीच नसतीस. शुभा नसती. त्या धक्क्यावर मी पुन्हा उभा राहिलो तर... मला नाही उभं राहायचं तिथं."

वसुधाच्या मनात एकाच वेळी पुष्कळ काही आलं. चोवीस वर्षांचा मुलगा ट्रंकेवर बसलेला तिला दिसला. मिरजेला असे कितीतरी जण वडिलांच्या खिडकीसमोर बसलेले तिनं पाहिले होते. आणि त्याच्या मागोमाग तिचा स्वतःचा राग वर आला.

"तेहतीस वर्षं," ती म्हणाली, "मला वाटत होतं तुम्हाला माझ्याबरोबर कुठं जायचं नसतं."

आत्माराम दचकले. "असं वाटायचं तुला?"

"मग काय वाटणार?"

टेबलावरून हात पुढे करून त्यांनी तिचं लिहिलेलं कार्ड आपल्याकडे फिरवलं आणि वाचलं. मग म्हणाले, "ती पार्म्याची गाडी चांगली वाटतेय."

वसुधाला हसू आलं, डोळेही भरले. "तुमच्यापुढच्या त्या चार माणसांचे उपकारच म्हणायचे," ती म्हणाली. "एखादा जरी कमी असता तरी मी मिरजेतच राहिले असते."

त्या संध्याकाळी हेर ओबर्ले परत आले तेव्हा सहल आखून झाली होती. ओबर्ले रायझेब्यूरोची ती शेवटची तिकिटं. त्यांनी स्वतःच्या हातानं ती पाकिटात घातली आणि पाकिटावर लिहिलं, 'फ्राउ उंड हेर माइनकार'. शुभाला फोन केला तेव्हा ती आधी नाराज झाली, मग म्हणाली, "ओके, पण खोलीचे पैसे मी देणार." हे ती मराठीत म्हणाली.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ते निघाले. आत्मारामांनी पार्म्याला चहा मागितला आणि त्यांना गरम पाण्याचा कप व त्यात तरंगणारी पुडी मिळाली. ते सुस्त गाडीनं डोंगरातून उतरले. ला स्पेझिया सुटल्यावर बोगदे लागले. काळोख, मग एका श्वासापुरता निळा समुद्र, मग पुन्हा काळोख. वसुधा खिडकीला नाक लावून बसली होती. जेनोआकडून येणाऱ्यांना समुद्र उजवीकडे असतो. उलटीकडून येताना तो डावीकडे असणार, हे तिनं आधीच काढून ठेवलं होतं. पण तो असा तुटक-तुटक, पापण्या मिटाव्या-उघडाव्या तसा दिसतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि तिला लिहिता आलं नसेल.

लेव्हांतोत तिला एक विचित्र अनुभव आला. आयुष्यात पहिल्यांदा आलेल्या गावात तिला सारखी आठवण येत होती. किनाऱ्यामागच्या बागेत ती शिरली आणि बारीक पानांचं झाड दिसलं. खाली बसल्यावर तिला त्या दोघी शिक्षिका बहिणी आठवल्या, एक बोलायची आणि दुसरी तिचं वाक्य पुरं करायची. वेर्नाझ्झाच्या धक्क्यावर ते साडेआठला पोचले. शांतता होती, आणि तिला बेकरीवाल्याच्या अंगाला येणारा यीस्टचा वास आठवला. तो दुकान विकून मुलाकडे उत्तरेला गेला होता. आत्माराम समुद्र बघत होते. ती कधी समुद्र बघत होती, कधी आठवणीतली माणसं. सगळी तिच्या टेबलाच्या पलीकडे बसून गेलेली. कार्ल्सरूहेतला तो छोटा रस्ता, कॉफीचं यंत्र, थंडीत काचेवर धरलेली वाफ, हेर ओबर्ल्यांचा तोच तो विनोद, सगळं इथं या उन्हात तिच्यासमोर उभं होतं.

"तू गप्प का?" आत्मारामांनी विचारलं.

"अहो, हे सगळे इथं येऊन गेलेत," ती म्हणाली. "आणि मला वाटायचं, आपण राहिलो. पण मी यांच्या प्रत्येकाबरोबर थोडी-थोडी आले होते बहुतेक."

कोर्निलियाला ते गेले नाहीत. गाडीतून तिनं तो जिना पाहिला, भिंतीवर नागमोडी चढत गेलेला. एक उंच म्हातारी बाई छत्री टेकत वर जात होती. कुणीतरी वेगळीच होती, पण वसुधानं हात केला.

सातव्या दिवशी सकाळी नाश्त्याला आत्माराम म्हणाले, "येताना जेनोआवरून जायचं का?"

वसुधानं पावाला लोणी लावणं थांबवलं नाही. "जाता येईल."

"दोन तास मिळतील का मधे?"

"अडीच मिळतील," ती म्हणाली. गाडी तिनं मार्चमध्येच शोधून ठेवली होती. पण ते तिनं कधीच कुणाला सांगितलं नाही.

जेनोआच्या स्टेशनापासून बंदर जवळ आहे. दोघं हळूहळू उतरले. उजवा गुडघा दुखत होता, म्हणून आत्मारामांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. बंदरात एक प्रचंड पांढरं जहाज उभं होतं, सुट्टीवर निघालेल्या लोकांचं. आरडाओरडा, चाकांच्या बॅगा, गॉगल लावलेली माणसं. बोट कंपनीची जुनी इमारत होती तिथंच होती. आत्माराम तिच्यासमोर उभे राहिले. वसुधा दोन पावलं मागे राहिली.

खिडक्यांच्या जागी आता काचेची सरकती दारं होती. त्यांनी जागेचा अंदाज घेतला, चार पावलं डावीकडे गेले, पुन्हा दोन उजवीकडे आले. "इथं असावी," ते म्हणाले. "किंवा त्या खांबापाशी. मला वाटलं होतं पोटात गोळा येईल. काहीच होत नाहीये." मग थोड्या वेळानं म्हणाले, "तो मुलगा तसा काही वाईट नव्हता."

"नव्हताच," वसुधा म्हणाली.

"घाबरला होता. त्या दिवशी म्हणत होतो ना, भीती नव्हती. होती."

वसुधानं पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी ती अर्धी संपवली. मग दोघांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून तेलामिठाची जाड रोटी घेतली आणि भिंतीच्या सावलीत उभ्या-उभ्या खाल्ली. बोटं चिकट झाली. पुसायला काही नव्हतं, तर आत्मारामांनी खिशातला रुमाल आधी तिला दिला.

परतीच्या गाडीत ते बोलायला लागले. बोटीबद्दल. मुंबईचा धक्का सुटताना अण्णा कुठं उभे होते, पहिल्या रात्री विष्णूला किती उलट्या झाल्या, जेवणाच्या टेबलावर काट्या-चमच्यांनी कशी फजिती केली, एडनला त्यांनी पहिल्यांदा बर्फ घातलेलं सरबत कसं प्यायलं. तेहतीस वर्षांच्या संसारात एवढं सलग बोलताना तिनं त्यांना ऐकलं नव्हतं. मिलानला गाडी बदलली, बोलणं चालू. बाझलला बदलली, चालू. वसुधा मधेमधे विचारायची, मग? अंधार पडला, ऱ्हाइनकाठची गावं दिव्यांसकट मागे गेली. कार्ल्सरूहे आलं तेव्हा त्यांची बोट अजून सुवेझमध्येच होती. उरलेलं त्यांनी घरी जाताना ट्राममध्ये सांगितलं, आणि तरीही जे उरलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाबरोबर.